माशाकडे न बघणारं मांजर

३ मार्च

जेवणाच्या मेजाच्या बाजूच्या भिंतीवर नुसता पांढरट चौकोन – चित्र आज साफ करायला गेलं. जेवताना सोबतीला कोणीच नाही. लग्नानंतर लिलावात घेतलेलं जुनं स्थिरचित्र: मेजावर मासा, लिंबं, सुरई आणि मेजाखालून डोकावणारं मांजर. इतर जुन्या चित्रांतली मांजरं माशावर टपलेली असतात. आमचं सरळ माझ्या खुर्चीकडे बघतं. त्या चित्रकाराची ही खुबी मी आल्यागेल्याला समजावून द्यायचो. ही तेव्हा गालातल्या गालात हसायची. हिला चित्रातलं फारसं कळत नसे.

५ मार्च

चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंचा फोन. "काका, मांजर मूळचं नाही. नंतर कोणीतरी रंगवलंय. खाली आणखी एक मासा आहे. काढू का मांजर?"

म्हणजे इतकी वर्षं स्वारी माशावरच ठाण मांडून बसली होती!

"शनिवारपर्यंत सांगा. एकदा पुसलं की गेलं."

६ मार्च

सकाळपासून शाळेतल्या चालीवर गुणगुणतोय –

मेजाखाली बसले मांजर,
डोळा त्याचा मिटे न क्षणभर

पुढे सुचेना. मूळ चित्रकाराचा मान राखायला हवा, हे पटतं. आमचे गुरुजी कवितेतला एक काना इकडचा तिकडे होऊ देत नसत. पण मग जेवताना बघायचं कोणाकडे?

७ मार्च

बाईंच्या कामाच्या खोलीवर जाऊन आलो. दिव्याखाली मांजर. "हात कच्चा आहे," बाई म्हणाल्या, "पण जीव लावून केलंय. डोळ्यांना चक्क दाराचा चकचकीत रंग!"

हिरवा. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराचा. ते दार हिनेच रंगवलेलं.

घरी येऊन लेकीला फोन लावला. ती हसतच सुटली. "बाबा, आईनेच काढलं ते. शिंका येतात म्हणून तुम्ही खरं मांजर आणू देत नव्हतात ना. मी स्टूल धरून उभी होते. आई म्हणाली, सांगायचं नाही हं, ह्यांना कधी दिसतं बघू."

"मग?"

"मग काय! तुम्ही कविता म्हणत जेवणार. एक दिवस वर बघितलंत आणि म्हणालात, चित्रकाराचा खरा हात दिसतो तो ह्या मांजरात. आईला ठसका लागला."

ठसका आठवतो. पाणी मीच दिलं होतं.

८ मार्च

बाईंना कळवलं, मांजर राहू द्या.

"आणि खालचा मासा?"

"तो आता त्याचाच."

११ मार्च

चित्र परत आलं. दुपारी पहिल्यांदाच हिच्या खुर्चीत जेवायला बसलो. इथून खिडकीचा उजेड त्या चकचकीत रंगावर पडतो आणि एक डोळा मिटल्यासारखा दिसतो. मांजर डोळा मारतंय. माझ्या खुर्चीतून हे कधीच दिसलं नसतं. ही रोज बघत होती – भिंतीवर ते, समोर मी.

कवितेची दुसरी ओळ खोडली.