स्वस्थ वाटतं का?

१२ जानेवारी, लोणावळा

सकाळी चहा गाळताना विनयाचा फोन. धाकट्या बहिणीला वेळ-अवेळ नसते. आता तर विद्यापीठात ‘संगीत आणि मनाचं स्वास्थ्य’ या संशोधनाची ती प्रमुख, म्हणजे हुकूम सोडायला अधिकृत परवाना. वडिवळ्यात दर आठवड्याला शाळेच्या खोलीत बायकांना जमवून गायला बसवते. त्यांचीच गाणी. गौळणी, लग्नातली, फुगडीची. गाण्याआधी एक प्रश्न तोंडी विचारायचा, गाण्यानंतर परत तोच. तो प्रश्न मराठीत हवा, एका ओळीत, आणि आत्ता.

दिला. ‘आत्ता तुम्हाला स्वस्थ वाटतं का?’ स्वस्मिन् तिष्ठति, जो स्वतःच्या ठायी उभा आहे तो स्वस्थ. दोन अक्षरांत सगळं उपनिषद. वि. खूश. "दादा, एम.ए.नंतर पहिल्यांदाच तुझं संस्कृत कुणाच्या उपयोगी पडलं." मानधन म्हणून चिक्कीचा पुडा पाठवणार आहे. लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला.

५ फेब्रुवारी

वि.चा आवाज ओळखू येईना.

"दादा, उलटं येतंय."

गाण्याआधी विचारलं की बहुतेक जणी ‘व्हय’ म्हणतात. गाणं झाल्यावर ‘न्हाई’. एका बैठकीत झालं तेव्हा तिनं मनावर घेतलं नाही. पण दर वेळी तेच. स्वस्थ बायका येतात, गातात आणि अस्वस्थ होऊन घरी जातात.

मी म्हटलं, गाण्यानं माणूस आजारी पडतो हे मला आपल्या बंडूच्या मुंजीपासून माहीत आहे, तो गायला होता. ती हसली नाही. 

भाग घेणाऱ्यांना अपाय होतोय असं दिसलं तर काम थांबवायचं, असा विद्यापीठाचा नियम. समिती महिनाअखेर बसणार, आणि ही गोष्ट समितीला वि.नं स्वतःच सांगायची. बैठक बंद झाली तर बायकांना गायला दुसरी जागा नाही. देवळाचा सभामंडप पुरुषांच्या भजनाचा. शाळेची खोली वि.च्या पत्रावर मिळालेली.

रात्रभर डोक्यात तेच. गाण्यानं अपाय?

९ फेब्रुवारी, वडिवळे

स्कूटरवरून कामशेतपर्यंत रस्ता बरा, पुढे कंबर मोडली. वि. आधीच पोचलेली. बातमीदार म्हणून नाही, भाऊ म्हणून मागच्या बाकावर बसलो. बाक तिसरीच्या मुलांचा, गुडघे हनुवटीला.

बायका आल्या, भिंतीला टेकून बसल्या. वि.नं विचारलं, स्वस्थ वाटतं का? व्हय, व्हय, व्हय. मग गाणं. कसलं गाणं, वादळच! दाराजवळ बसलेली सुनंदा, पंचेचाळिशीची असेल, ओळ उचलायची आणि बाकीच्या मागून धरायच्या. टाळ्या, मग उठून फेर, मग फुगडी. चंद्रामावशी सगळ्यांत थोरल्या, त्यांनी तर वि.लाच ओढली. प्रा. डॉ. विनया गरगर फिरताना मी डोळ्यांनी पाहिली, आता मरायला हरकत नाही.

सगळ्या धापा टाकत, घामाघूम, हसत. अपाय? वि.नं विचारलं, आत्ता स्वस्थ वाटतं का?

"न्हाई!"

एका सुरात. एवढ्या आनंदानं दिलेला नकार मी आयुष्यात ऐकला नव्हता.

न राहवून मावशींना विचारलं, अहो, स्वस्थ का नाही वाटत?

"आवं भाऊ, गाणं म्हणताना स्वस्थ कोण बसतं? आधी बसलोच व्हतो की भिताडाला टेकून."

दुसरी कुणीतरी म्हणाली, "आमची सासू दिसभर तेच बोलायची, स्वस्थ बसून खाती म्हणून. बाई पण तेच इचारत्यात. आमी म्हणलं, न्हाई बाई, हाललो की भरपूर!"

खोलीभर हशा.

 स्वस्मिन् तिष्ठति. इथं स्वस्थ म्हणजे ऐदी. आणि ‘स्वस्थ बस जरा’ हे मी स्वतः विनयाला लहानपणी शंभरदा ओरडलो असेन! तेव्हा कुठलं उपनिषद होतं?

वि.नं माझ्याकडे फक्त पाहिलं. मग इतकी हसली की डोळ्यांत पाणी. मावशींना भलतीच शंका. "बाईंना लागलं का काय फुगडीत?"

१६ फेब्रुवारी, वडिवळे

माझी प्रश्न रचण्याच्या कामावरून हकालपट्टी. नवा प्रश्न बायकांनीच ठरवला: ‘जिवाला कसं वाटतंय?’ गाण्यानंतर उत्तरं: गार वाटतंय. हलकं वाटतंय. मावशी: "लय ग्वाड." वि.चा चेहरा उजळत चाललेला. जुन्या नकारांचाही उलगडा झाला, समितीला सांगायला सरळ गोष्ट. मी मनात चहाची वेळ बघत होतो.

सुनंदाची पाळी शेवटी. ती दाराकडे बघून बोलली.

"बाई, मला तवाबी शब्द कळलाता."

म्हणजे?

"मालक आजारी व्हते तवा डाक्टर रोज इचारायचा, स्वस्थ झोप लागली का म्हणून. मी मागंबी न्हाई म्हणले ते समजून म्हणले. आजबी न्हाईच."

वि.नं हळूच विचारलं, गाताना त्रास होतो?

"गाताना कशाला? हितं तोंड उघडतं. घरी गेलं की मिटायचं. आधी मिटलेलंच व्हतं, तवा तरास नव्हता."



नवरा जायच्या आधी गावातल्या प्रत्येक हळदीत पहिली ओळ सुनंदाची, हे मावशींनी नंतर सांगितलं. तो गेल्यापासून ती हळदीला चुलीपाशी. कुणी जा म्हटलं नाही, कुणी ये म्हटलं नाही. आता तिच्या थोरल्या जावेच्या मुलीचं लग्न. त्या पोरीला हिनंच वाढवलेली.

सुनंदा एवढंच म्हणाली, "तिच्या हळदीची गाणी म्या हितं म्हणायची, आन् तितं भाकरी थापायच्या."

वि. म्हणाली, ताई, तुम्हाला यायचं नसेल तर...

सुनंदा एकदम वळली. "मला काढताय व्हय? बंद करा म्हणले का मी?"

माझा शब्द सगळ्या वडिवळ्यात एकीलाच बरोबर कळला होता. आणि तिचं उत्तर...

चहा घेतला नाही.

१७ फेब्रुवारी

वि.शी फोनवर बराच वेळ. तिचा सहकारी म्हणतो, शब्दाचा घोटाळा झालाच आहे, त्यात सुनंदाचे नकारही धरून टाका, कोण विचारतंय? सोपं आहे. खरं तर फार सोपं आहे.

"आणि कालचं?" मी विचारलं.

"कालचं मी ऐकलंय, दादा."

म्हणजे लिहिणार. बाकीच्यांना बरं वाटतं, एकीला आम्ही दुखवतोय आणि ती सोडायला तयार नाही. यावर समिती काय करणार? बहुतेक खोलीला कुलूप. वि.लाही तेच वाटतं. मी चेष्टा करायला तोंड उघडलं, सुचली नाही. पन्नाशीत प्रथमच.

तिला एवढंच म्हटलं, हळदीला जाऊ या. बोलावणं दोघांनाही आहे. ती म्हणाली, मी काही बोलणार नाही हं तिथं, आपण पाहुणे.

२२ फेब्रुवारी, रात्री घरी

सकाळची हळद. मांडवात डीजेच्या पेट्या उभ्या, घराएवढ्या, पण आधी बायकांचं होऊ द्यायचं असं ठरलेलं. नवरी पाटावर, भोवती पाच सवाष्णी. वि. बायकांत, मी पुरुषांत, खांबाशी. सुनंदा घराच्या आत, चुलीपाशी. उंबऱ्यातून फक्त हात दिसत होते, पिठाचे.

चंद्रामावशींनी पहिलं गाणं धरलं. दोन ओळी नीट गेल्या. तिसरीला अडखळल्या. विसरल्या की मुद्दाम, देव जाणे. मी तोंडाकडे बघत होतो तरी कळलं नाही. बायका एकमेकींकडे. हळद लावणारे हात थांबले.

आणि आतून तिसरी ओळ आली.

उंच, स्वच्छ. मी शाळेच्या खोलीत ऐकलेला आवाज हा नव्हताच, तो याच्या निम्मा होता.  ओळ संपली. मागून धरायला हवं होतं. कुणी धरेना! नवरीनं मान वळवून आत पाहिलं. माझ्या शेजारचे आबा पुटपुटले, "आरं, ही तर..." आणि थांबले. वि.नं पदर तोंडावर धरलेला.

आतून पुढची ओळ आली. एकटीच.

मग मावशींनी मागून धरली. मग आणखी एकीनं. सगळ्यांनी नाही. गाणं कसंबसं शेवटाला गेलं.

नवरीची आई, थोरली जाऊ, हातातली हळदीची वाटी खाली ठेवून उठली. चेहऱ्यावर राग म्हणावा तर राग नाही, दुसरं म्हणावं तर तेही नाही. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "सुनंदा, आतल्या खोलीत ये जरा."

दोघी आत गेल्या. दार लोटलं गेलं.

"झालं का बायकांचं?" डीजेवाल्यानं विचारलं, आणि कुणाच्या उत्तराची वाट न बघता बटण दाबलं. पत्रे थरथरायला लागले. वि. दाराशी जाऊन उभी राहिली. मी विचारलं, काही ऐकू येतंय? तिला माझंही ऐकू गेलं नाही.

जेवणं झाली, पोरं नाचून दमली, आम्ही निघालो. दार तेव्हाही लोटलेलंच होतं.