पाहुण्यांसाठी थंड

जांभूळवाडी, ता. त्र्यंबकेश्वर
४ मार्च २००२

ती. किशोरदादास,
सरिताचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. इकडे सर्व ठीक. बहीण सरपंच झाली म्हणून हसला होतास ना, आता ऐक. शाळेतली पोरं डबा तसाच परत नेतात आणि खाऊच्या पैशांचं थंड पितात. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी त्यांचे दात पाहून मलाच झापलं. म्हणून ग्रामसभेत ठराव केला: गावात बाटलीतलं थंड विकायचं नाही आणि घरच्या कार्यातही पाहुण्यांना द्यायचं नाही. कुसाबाईचं दुकान शाळेसमोरच. एकटी बाई, उन्हाळ्यात थंडावरच तिचं घर चालतं. रडली, पण माझ्या शब्दाखातर तिने थंडाच्या कंपनीचा फ्रिज परत पाठवला.

सतरा तारखेला तू रूपालीला बघायला पाहुणे आणतो आहेस. त्यांना लिंबाचं सरबत मिळेल, हे आधीच सांगून ठेव. वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
सरिता

इंदिरानगर, नाशिक
९ मार्च २००२

चि. सौ. सरितास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सरपंचबाईंचा दरारा वाचून तुझी वहिनी खूष झाली. पण ठराव गावाला, सोयरिकीला नाही. मुलगा कंपनीत कायम आहे. असं स्थळ तुझ्या दारात येतंय ते माझ्या भिडेखातर. भर उन्हात त्यांच्यापुढे सरबत ठेवलंस तर माझी मान खाली जाईल. मी गाडीच्या डिकीत बर्फात बाटल्या आणतो. आतल्या खोलीत पेल्यांत ओतू, गावाला कळणारही नाही. एक दिवस नुसती मुलीची आई हो.

रूपालीला म्हणावं, मामा आहे, काळजी नको. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा दादा,
किशोर

जांभूळवाडी
६ एप्रिल २००२

ती. दादास,
सरिताचा नमस्कार.

होकाराचं पत्र मिळालं. रूपाली घरभर हसत फिरते, मला मात्र तोंड दाखवायची लाज वाटते. त्या दिवशी तू बाटल्या ओतून बाहेर गेलास आणि मागच्या दाराने कुसाबाई आली. मीच तिला सरबत करायला बोलावलं होतं, नको म्हणून कळवायचं राहून गेलं. लिंबं हातात धरून ती पेल्यांकडे बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, की सरपंचबाई, पाव्हणे काय फकस्त तुमच्याच घरी येतात का. मी ट्रे उचलून बाहेर निघून आले.

तिने कुणाला सांगितलं नाही, पण डिकीतल्या बाटल्या अर्ध्या गावाने पाहिल्या होत्या. परवाच्या ग्रामसभेत ठराव मागे घ्यायचं निघालं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सही केली.

काल कुसाबाईकडे फ्रिज परत आला. मी माफी मागायला गेले तर मधली सुट्टी झालेली, दुकानापुढे पोरांची झुंबड. तिने पहिली बाटली उघडून माझ्या हातात दिली, व्याह्यांची चौकशी केली, पैसे घेईना. नाही म्हणायचा अधिकार मला उरला नव्हता, दादा. सगळ्या पोरांसमोर मी ती प्यायले.

अशा बहिणीवरही लोभ असू दे.

सरिता