सहा दशांश

३ जानेवारी

पडलं गळ्यात! संचालकांनी बोलावून सांगितलं – विद्यापीठाच्या मैदानी खेळांना शंभर वर्षं होतायत, पुस्तक काढायचंय आणि ते मी लिहायचं. "तुम्ही इथे पळलात, इथेच क्रीडा कार्यालयात तीस वर्षं काढलीत. तुमच्याशिवाय कोण?" हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. चढले! मार्चअखेर निवृत्त होतेय, वाटलं होतं हे तीन महिने खिडकीत बसून चहा पीत काढावेत.

घरी सांगितलं तर हे म्हणतात, "शंभर वर्षं पळून कुठे पोचलात ते तरी लिही." गणिताचे मास्तर. जन्मात कधी बसमागेसुद्धा धावले नाहीत.

५ जानेवारी

तळमजल्यावरची खोली उघडली. चाळीस रजिस्टरं, बारा तुटके भाले, बुडाला भोक पडलेला एक चषक. शिंकून शिंकून बेजार झाले. पण मजा आली. एका वर्षी गोळाफेकीचा गोळा विहिरीत पडला म्हणून ती स्पर्धाच रद्द केली होती – चक्क ठरावात लिहिलंय! पुढच्या ओळीत, "विहीर उपसावी." उपसली की नाही, देव जाणे.

८ जानेवारी

मुलींची पहिली तुकडी फक्त चौघींची. कपडे बदलायला सायकलींची शेड. फोटोत चौघी अशा उभ्या आहेत जणू कुणी पळायला नाही, परीक्षेला बोलावलंय.

आज मैदानमामांची फार आठवण झाली. आमच्या वेळी मैदान तेच सांभाळायचे. तेव्हा पळायला लाल मातीची पट्टी, तिच्यावर मामा फक्कीने पांढऱ्या रेषा ओढायचे. मोजायला लांब टेप. एक टोक मामांच्या हातात, दुसरं जो सापडेल त्याच्या. आणि दुसरं टोक कुणी धरलं ते ते आपल्या वहीत लिहून ठेवायचे, न चुकता. "टेप खोटं बोलत नाही, टोक धरणारा बोलतो." मीही दोनदा धरलंय. दोन्ही वेळा ओरडा खाल्ला – "ताण, ताण! पोरी, ती काय कपडे वाळत घालायची दोरी आहे?"

मामांच्या लेकीचं शिवणाचं दुकान आहे. तिला फोन केला. वह्या माळ्यावर असतील म्हणाली, सवड झाली की बघते.

१५ जानेवारी

व्हरांड्यात विक्रमांची नवी पाटी लागणार आहे. जुनीवरून यादी उतरवायचं कामही माझ्याकडेच. शेवटून तिसरी ओळ – महिला, १५०० मीटर, ४ मिनिटं ४१.२ सेकंद. माझं नाव! चौतीस वर्षं हा विक्रम कुणाला मोडता आलेला नाही.

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते – रोज कार्यालयात येताना मी त्या पाटीकडे न बघितल्यासारखं करून बघते. पोरं झाली, सून आली, गुडघे गेले. ती ओळ आहे तिथेच आहे.

आधीचा विक्रम मांजरचा होता. ४:४१.८. माझ्याहून एक वर्ष पुढे. पळताना पावलांचा आवाज यायचा नाही म्हणून मांजर. मागून कधी गाठायची कळायचंच नाही. सरावात ती मला नेहमी हरवायची. नेहमी! शेवटच्या परीक्षेनंतर तिने स्पर्धा सोडल्या, आणि पुढच्या हिवाळ्यात मी तिचा विक्रम मोडला. सहा दशांशाने. त्या दिवशी ती मुद्दाम बघायला आली होती. सुरुवातीच्या रेषेपाशी येऊन म्हणाली, "आज मैदान तुझ्या बाजूने आहे. पळ." आणि संपल्यावर मला मिठी मारायला सगळ्यांत आधी तीच.

२४ जानेवारी

दुरुस्त्यांच्या रजिस्टरात एक ओळ सापडली. माझ्या शर्यतीच्याच महिन्यातली. "पळपट्टीची आतली रेषा चुकीची होती. एक फूट आत घेतली." खाली मामांची सही. बाकी काही नाही.

आत घेतली म्हणजे फेरी लहान झाली ना? मग आधी मोठी होती? डोकं चालेना. ह्यांना विचारते.

२५ जानेवारी

ह्यांनी जेवणाचं ताट उपडं ठेवलं आणि शिवणाच्या डब्यातला दोरा काढला. दोरा ताटाच्या कडेला लावून दाखवला, मग बोटभर बाहेरून. बाहेरून जास्त दोरा लागला. "एवढंच!" म्हणाले. रेषेवर पाय देऊन कुणी पळत नाही, म्हणून अंतर रेषेच्या फूटभर बाहेरून मोजायचं असतं. कुणीतरी कधीकाळी ते रेषेवरच मोजलं. म्हणजे जुन्या पट्टीवर प्रत्येक वळणाला जवळजवळ मीटरभर जास्त पळावं लागत होतं. पंधराशे मीटरमध्ये वळणं सात. झाले साडेसहा मीटर.

"आणि साडेसहा मीटर पळायला तुझ्या मैत्रिणीला किती वेळ?" पेन्सिल कानावर ठेवत ह्यांनीच उत्तर दिलं, "सव्वा सेकंद."

सव्वा सेकंद! मी तिला हरवलं सहा दशांशाने.

बाकीचे त्या वर्षांतले विक्रम पुढे कितीदा तरी मोडले गेले. आज फरक पडतो तो एकाच ओळीत. माझ्या.

२८ जानेवारी

आज काही लिहिलं नाही. पुस्तकही नाही.

२ फेब्रुवारी

खरं लिहायचं तर, आज ते रजिस्टर तळमजल्यावरच्या खोलीतल्या एका ट्रंकेच्या तळाशी ठेवून आले. वर तुटके भाले रचले. कोण बघणार? चौतीस वर्षं कुणी बघितलं नाही. मी काही चोरी केली नाही, नियमाने पळले, पोटात कळ येईपर्यंत पळले!

दुपारी परत जाऊन काढलं. लाज वाटली. भाल्याचा एक तुकडा बोटात घुसला – बरं झालं.

६ फेब्रुवारी

संचालकांना सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, परत वाचलं. "तुमची शर्यत बरोबर मापाची. विक्रम तुमचाच. तुमच्या मैत्रिणीची मापात नव्हती, त्या शर्यतीचं आता काही करता येणार नाही. पाटीवर तळटिपा नसतात हो." बरोबरच आहे म्हणा. मग म्हणाले, "पुस्तक तुमचं आहे. त्यात काय लिहायचं ते मी सांगणार नाही." भला माणूस. उगीच नावं ठेवत होते.

आता मांजरला सांगायला हवं. पुस्तकातून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. फोन उचलते, परत ठेवते – शर्यतीआधी बुटाची नाडी सोडून परत बांधायचे तसं. ह्या वयात!

९ फेब्रुवारी

केला फोन. आधी तिच्या नातवाचा खोकला, मग माझे गुडघे, मग तळमजल्यावरचा भोकाचा चषक, मग एकदाचं सांगून टाकलं. "तू माझ्यापेक्षा वेगात पळली होतीस. पट्टी लांब होती. विक्रम खरं तर तुझा."

तिने विचारलं, "कुठल्या वहीत सापडलं गं?"

"कार्यालयाच्या. दुरुस्तीच्या."

"बरं बरं," म्हणाली आणि जी हसत सुटली! "मग आता काय, मला चषक देतेस? तो भोकाचाच दे, झाड लावते त्यात." मी रडकुंडीला आलेय आणि ही हसतेय. शेवटी म्हणाली, "हे बघ, पाटीवरून नाव काढलंस तर शंभरीच्या समारंभाला मी येणार नाही. आणि आले तर बोलणार नाही. वेडाबाई."

फोन ठेवल्यावर किती हलकं वाटलं! दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. ह्यांनी मोजल्या, सवयच ती.

१४ फेब्रुवारी

पाटी रंगवणारा आला. हात इतका स्थिर की बघत बसावं. माझी ओळ आली तेव्हा ब्रश थांबवून म्हणाला, "बाई, हे तुम्हीच का? वाटत नाही." आता हे कौतुक की काय, त्यालाच माहीत. मी म्हटलं, "मलाही वाटत नाही. लिहा तुम्ही."

१८ फेब्रुवारी

पुस्तकातलं ते पान आज लिहून झालं. नाव दिलंय 'साडेसहा मीटर'. मांजरची शर्यत, रेषेची चूक, ह्यांचं ताट, सगळं आलंय. शेवटी लिहिलं – ह्या मैदानावर मुलींमध्ये पंधराशे मीटर सगळ्यांत वेगात जी पळली, तिचं नाव पाटीवर नाही.

लिहिताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. उलट छान वाटलं, मोकळं. मी दुसरी. मांजरच्या मागे दुसरी असणं मला चांगलं जमायचं, सरावात तेच तर करत होते. थोडा मोठेपणाही वाटला स्वतःचा, खोटं कशाला बोलू? केवढी मी न्यायी! तिला माहीतही नसलेलं तिला मिळवून दिलं.

२० फेब्रुवारी

मामांची लेक वह्या घेऊन आली. कापडात बांधलेल्या, अजून फक्कीचा वास. ते पान शोधून काढलं. माझ्या शर्यतीच्या आठ दिवस आधीची तारीख. मामांचं बारीक अक्षर –

"आतली रेषा चुकीची असल्याचं मांजरने लक्षात आणून दिलं. तिचा विक्रम जाईल म्हटलं, तर म्हणाली, 'जाऊ दे मामा, पुढची तरी सरळ मापात पळू दे.' एक फूट आत घेतली. टेपचं दुसरं टोक – मांजर."