बर्फावर साधे बूट

१७ सप्टेंबर, रविवार

— पुन्हा दिसली! काचेच्या आड, बाकाच्या टोकाला. काळं जाकीट, खांद्यावर टॉवेल. "हीच का?" माय लॅपटॉपला नाक लावून. मग तीच म्हणाली, "व्हय, हीच. वाळली गं बाई." तेवढ्यात कॅमेरा फिरला आणि चार धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळली. माय मागं सरकली.

हॅल्डनच्या संघाचा पहिला सामना. आईस हॉकी. इंग्लंडच्या उत्तरेचं हे गाव मला नकाशात शोधावं लागलं. माझी बायको मंजूषा तिथं फिजिओथेरपीचं शिकायला गेली होती. शिक्षण संपलं, तिथल्या क्लबनं नोकरी दिली. पडलेल्या खेळाडूंना उभं करायचं. "एकच हंगाम," म्हणाली. "एप्रिलमध्ये संपतो. मग परत."

मी काय म्हणणार होतो? बरं म्हणालो.

सकाळी कॉलेजात झेंडावंदन. प्राचार्यांनी मुक्तिसंग्रामावर गेल्या वर्षीचंच भाषण केलं. आम्ही तासिकेवाले, तासावर पगार घेणारे प्राध्यापक शेवटच्या रांगेत उभे. मी ऊन चुकवत होतो.

१ ऑक्टोबर

हरले. बरं वाटलं.

८ ऑक्टोबर

खेळ थोडा कळू लागला. चेंडू नसतो, काळी चकती असते. ती मला अजून दिसत नाही. माणसं जिकडं धावतात तिकडं मी बघतो. दोघं भांडले की पंच लगेच मध्ये पडत नाहीत. थोडी मारामारी होऊ देतात, मग दोघांना काचेच्या वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात. लोक टाळ्या वाजवतात. आमच्या विभागातही हेच चालतं, फक्त काचेच्या खोल्या नाहीत.

मंजूषा बाकाच्या टोकाला उभी असते. बहुतेक वेळ तिचं अर्धंच तोंड दिसतं. मी तेवढंच बघतो.

२२ ऑक्टोबर

भाऊकीतला बद्रीदादा गावाकडून, पिशोरहून आला. मक्याची कणसं, वांगी. पुंडलिकनगरात आमच्या घराचा जिना चढता चढताच सुरू — "मास्तर, आमची वैनी कधी यायची?"

"हंगाम संपला की."

"खरीप का रब्बी?"

"सप्टेंबर ते एप्रिल."

"मंग दोन्ही पिकं गेली की रे तुझी!"

माय हसली. मीही हसलो. तो जेवला, दुपारच्या बसनं गेला. वांगी किडकी निघाली.

१२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. मंजूषाचा फोन. माझ्या फोनवर, नेहमीसारखा. माय हातात धरते, मी शेजारी बसतो. मायला अजून बटणं कळत नाहीत. ती फोनला ताटासारखं दोन्ही हातांनी धरते.

"काय केलं गं फराळाला?"

"काही नाही आत्या. सामना आहे."

"दिवाळीचा सामना? कोण ठेवतं?"

मंजूषा खूप हसली. माझ्याशी बोलताना एवढी हसत नाही. नंतर मला म्हणाली, "तुम्ही कसे आहात?" मी म्हणालो, आहे.

२६ नोव्हेंबर

आज एक खेळाडू पडून राहिला. हनुवटी फुटली होती, बर्फावर रक्त. मंजूषाला आत जावं लागलं. तिच्या पायात साधे बूट. कप्तान — क्रेग नाव, दाढीवाला — घसरत आला, कोपर पुढं केलं. तिनं त्याचा दंड धरला. दोघं मैदानाच्या मध्यापर्यंत गेले. ती छोटी पावलं टाकत होती, तो नुसता सरकत होता. परत येतानाही तसंच. वर तिनं त्याला काहीतरी म्हटलं. तो हसला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माय म्हणाली, "तेल सांडल्यावानी हाय ते. धरलं नसतं तर आपटली असती माही पोरगी. कुणाचं लेकरू हाय, चांगलं हाय."

मी लॅपटॉप बंद केला. सामना बाकी होता.

२८ नोव्हेंबर

क्लबनं ती चित्रफीत त्यांच्या पानावर टाकली. बद्रीदादानं ती कुठून तरी काढून घरच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं — "आमच्या वैनी विलायतेत फेरे घेताना." आठ जणांनी हसणारी तोंडं पाठवली. मावशीनं हात जोडलेले पाठवले. तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

दादाला फोन केला. "काढ ते."

"अरे गंमत केली लेका! वाईट कामून वाटून घेतो?"

"वाईट नाही वाटलं. काढ."

काढलं. पण बघणाऱ्यांनी बघितलं.

३ डिसेंबर

मंजूषाला फोनवर म्हणालो, परवाचं बरं दिसलं नाही.

"काय?"

"दंड धरून चालणं."

ती आधी हसली. मग म्हणाली, "अहो, तिथं सगळेच तसं करतात. फिजिओला आत नेणं हे खेळाडूचं काम असतं. साध्या बुटांनी बर्फावर उभंसुद्धा राहता येत नाही."

"मला काही नाही. पण मायला लागलं. दोन दिवस जेवली नाही."

मागून बर्फ घासणाऱ्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"आत्या जेवल्या नाहीत?"

"नाही."

"बरं," म्हणाली. "नाही धरणार."

माय त्या दोन दिवसांत नेहमीसारखी जेवली होती. दुसऱ्या दिवशी वर ताक मागितलं. पण मी माझ्या नावानं बोललो असतो तर ते माझं म्हणणं झालं असतं. तिनं वाद घातला असता, आणि तिच्याशी वादात मी टिकत नाही. मायचं नाव घेतलं की विषय संपतो.

१७ डिसेंबर

आज एकाचा गुडघा गेला. क्रेगनं कोपर पुढं केलं. तिनं मान हलवली. एकटीच गेली, हात पसरून, थांबत थांबत. क्रेग मागून दोन हात पुढं धरून — लहान मूल चालायला लागल्यावर मागं राहतात तसा. लोक हसले.

तिनं मला शब्द दिला होता, तो पाळला. मी पूर्ण सामना बघितला.

७ जानेवारी

हे आता नेहमीचं झालंय. दरवेळी ती एकटी जाते. समालोचक त्यावर विनोद करतो. तिला विचारलं, खिळ्यांचे तळवे मिळतात ना बुटाला? म्हणाली, "मिळतात. पण माणूस पडल्यावर ते चढवत बसू का?" मग म्हणाली, "चाललंय माझं. आत्यांना सांगा, कुणाचाही हात धरत नाही म्हणून."

मी मायला सांगितलं नाही.

२१ जानेवारी

माय आज म्हणाली, "मंजी आता बोलत नाय पहिल्यासारखं. औषध घेतलं का, जेवला का. झालं. माझं काय चुकलं का रे?"

"थंडी फार आहे तिकडं."

"थंडीनं तोंड बंद होतं व्हय?"

तूर निवडत बसली. मी उत्तरपत्रिका घेतल्या. एकानं आधुनिकतेची व्याख्या लिहिली होती, मीच सांगितलेली. काहीच अर्थ नव्हता तिला.

११ फेब्रुवारी

क्लबनं मंजूषाला विचारलंय — आणखी दोन हंगाम राहणार का? करार तयार आहे. ती म्हणाली, "मी अजून उत्तर दिलं नाही. सामने संपल्यावर देते म्हटलंय."

"आपलं एका हंगामाचं ठरलं होतं."

"ठरलं होतं. म्हणून तर उत्तर दिलं नाही."

संघ जिंकतोय. मी रविवारी लॅपटॉप लावतो तो त्यांची हार बघायला. माय गोल झाला की टाळ्या वाजवते. कुणाचाही.

१२ फेब्रुवारी

झोप नाही.

३ मार्च

विभागात कायम पदाची जाहिरात निघाली म्हणे. त्रिंबक सर कानात सांगून गेले, "माणूस ठरलेला आहे हं. अर्ज मात्र करा, शोभा येते." ते स्वतः अकरा वर्षं शोभा आणत आहेत.

मंजूषाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही इकडं या ना. वर्षभर बघा."

"तिकडं येऊन काय करू? खेळाडूंच्या बाटल्या भरू?"



१७ मार्च

आज तिचा आवाज मऊ होता. "मी नाही म्हणणार आहे क्लबला," म्हणाली. "येते. आत्या एकट्या पडल्यात. माझ्यावर मनात काही ठेवून बसल्यात, ते समोर बसल्याशिवाय जाणार नाही. भाकरी थापता थापता बोलीन त्यांच्याशी."

मी म्हणालो, ये.

दिवसभर हलकं वाटत होतं. संध्याकाळी गच्चीत उभा राहिलो. खाली कोणीतरी पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडत होतं. तेसुद्धा बरं वाटलं.

२४ मार्च

तिकीट बघतेय म्हणाली. एप्रिलचा शेवट.

मायला सांगितलं. मायनं तिची खोली झाडली, गादी उन्हात टाकली. माझीही तीच खोली आहे. पण माय तिला मंजीची खोली म्हणते.

७ एप्रिल

बाद फेरी. हरले की हंगाम संपला. शेवटच्या भागात दोन्हीकडं सारखे गोल. हॅल्डनचा एक पोरगा पलीकडच्या टोकाला फळीवर आपटला आणि पडून राहिला. मंजूषा दार उघडून निघाली. क्रेगनं कोपर पुढं केलं. तिनं नेहमीसारखी मान हलवली — आणि आज पळाली. चार-पाच पावलं. पाय वर गेले. ती पाठीवर पडली, उजवा हात खाली.

ज्याच्यासाठी निघाली होती तो तोवर उठून उभा होता.

ती उठेना. खेळाडू तिच्याभोवती जमले, काठ्या बर्फावर आपटायला लागले. कुणी जखमी झालं की आपटतात, मानानं. सगळे, दोन्ही संघांचे. आमच्या पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. आता तिला बघणार कोण? समोरच्या संघाचा फिजिओ निघाला. एवढा थोरला पुरुष, टकलू. त्याच्या दोन बाजूंना दोन खेळाडू. दोघांचे दंड घट्ट धरून तो सावकाश येत होता. कोणी हसलं नाही.

माय पडद्याशी बोलत होती. "अगं, कामून धरलं नाय त्याला? उभा होता ना तो! कामून धरलं नाय?"

मी पाणी प्यायला उठलो.

तिला स्ट्रेचरवर नेलं. हॅल्डन हरलं.

८ एप्रिल

फोन लागत नव्हता. कॉलेजात पर्यवेक्षण, जावंच लागलं. फोन घरी चार्जिंगला राहिला. एक वाजता परतलो. माय दारातच.

"मंजीचा फोन आलता. हिरवं दाबलं मी. बरोबर लागला!"

"काय म्हणाली?"

"मनगट मोडलं. पलस्तर घातलंय. म्या म्हणलं, त्या लेकराचा हात कामून धरला नाय? तर म्हणली, तुम्हाला आवडत नाय ना आत्या. म्या म्हणलं, मला? मला कामून आवडणार नाय? मीच म्हणलं होतं ना, चांगलं लेकरू हाय म्हणून. इचार तुह्या नवऱ्याला, तो शेजारीच बसला होता."

मी चपला काढत होतो.

"मंग इचारलं, आत्या, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता का? म्या म्हणलं, कधी गं? एकादशीला?"

"मग?"

"मंग काय नाय. गप झाली. मला वाटलं फोन कटला."

"रडत होती?"

"नाय. हसली."

मी फोन लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. माय म्हणाली, "झोपली आसंल. लई गोळ्या दिल्यात म्हणली."

९ एप्रिल

सकाळी मंजूषाचा मेसेज होता. क्लबच्या करारावर तिनं काल डाव्या हातानं सही केली. दोन हंगाम. माय गुढीला साडी नेसवत होती, तिथूनच तिनं विचारलं, कोणाचा रे मेसेज? मी म्हणालो, कॉलेजचा.