गणपती जाईपर्यंत उंदीर मारायचा नाही

१९ ऑगस्ट, मंगळवार
आज खात्री पटली. ओट्याखालच्या बटाट्यांना दात लागलेत आणि कणकेच्या डब्यामागे काळ्या लेंड्या. सु.ला दाखवल्या तर म्हणतो, "पालीच्या असतील." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला पालीची लेंडी कुठली नि उंदराची कुठली, कळत नाही. कळतं सगळं. मान्य केलं की काहीतरी करावं लागतं, म्हणून पाल.
गोखिवऱ्यात गटारं भरली की खालचे सगळे वर येतात. आणि आम्ही पहिला मजला.

२१ ऑगस्ट, गुरुवार
साबण कुरतडला. गाळ्यावरून येताना पिंजरा घेतला. दिवसभर प्लास्टिकची झाकणं तपासायची, घरी येऊन हे.
पिंजरा दारातून आत येतो न येतो तोच सासूबाई खाटेवरून, "ह्या काय हाडलंस गो?" साखरेने त्यांचे दोन्ही पाय बधिर झालेत, गरम-गार काही समजत नाही, पण घरात काय आलं नि काय गेलं ते सगळं समजतं.
"पिंजरा, आई."
"चवथ तोंडार इली आणि तू पिंजरो लावतंस? गणपतीचा वाहान तां. गणपती जायसर तेका मारूचा नाय."
म्हटलं, पिंजऱ्यात मरत नाही, अडकतो फक्त.
"मगे बालदीत बुडवतलंस. माका म्हायत नाय?"
बुडवणारच होते. पिंजरा माळ्यावर. सु. पेपरात तोंड घालून बसलेला. आईचा शब्द म्हणजे त्याला आयती सुट्टी.

२४ ऑगस्ट, रविवार
साफसफाई. यंदा आईंना देवगडला नेणं शक्य नाही, म्हणून गणपती इथेच आणायचा, गौरींबरोबर जाणारा. जुन्या उशीत उंदराने कापूस उपसून घर केलेलं. पिल्लं नव्हती, नशीब.
मोरीतल्या पाइपाशेजारच्या भोकात तारेची घासणी कोंबली. याला आई काही बोलल्या नाहीत. वाट बंद करणं म्हणजे मारणं नव्हे.
संध्याकाळी त्यांचे पाय धुतले, बोटांच्या मधे बघितलं. ठीक आहेत. डॉक्टरांनी दिलेलं क्रीम त्यांना चालत नाही, औषधाचा वास येतो म्हणे. गावच्या घाण्याचं खोबरेल चोळतात, घोट्यापर्यंत. खोलीला खोबऱ्याच्या वड्यांसारखा वास.

२८ ऑगस्ट, गुरुवार
बाप्पा काल बसले. मूर्ती छान आहे, डोळे विशेष.
आज उंदीरबी. सासरच्यांकडे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी उंदराच्या नावाने एक पान काढतात. गावी ते मागच्या पडवीत ठेवायचे. इथे पडवी कुठली. सु.ने आईंच्या खाटेखाली ठेवलं, कोपऱ्यात. मी म्हटलं, निदान गॅलरीत ठेव. "आईला दिसायला हवं ना," म्हणाला.
त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गावची आठवण. मग मीही पान तिथेच राहू दिलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
पान साफ. भात, वडा, खीर, काही ठेवलं नाही.
"खाल्ल्यान गो सगळा," आई म्हणाल्या. इतक्या खूश त्या बऱ्याच महिन्यांत नव्हत्या.
मोरीतली घासणी त्याने उपसून काढलीय.

३१ ऑगस्ट, रविवार
गौरी आल्या. माणसं, भांडी, चहा, परत माणसं. आईंच्या चादरीवर पायाकडे रक्ताचे डाग. डास चिरडला असेल म्हणून चादर बदलली. पाय बघायचे आजही राहिले.

१ सप्टेंबर, सोमवार
डास नव्हता.
दुपारी पाय धुवायला तसराळं घेऊन बसले. उजव्या अंगठ्याचं टोकाचं मांस नाही. कडेला बारीक बारीक दातांच्या खुणा. शेजारच्या बोटालाही लागलंय.
"आई, दुखत नाही?"
"कसला दुखता? माका कायच कळणा नाय." वाती वळत होत्या. मी पाय हातात धरून बसलेय आणि त्या विचारतायत, गौरीच्या भाजीत वालाचे दाणे घातलेस ना.
सु.ला हाक मारली. त्याने बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसला.
रिक्षाने दवाखान्यात. डॉक्टरांनी धुतलं, इंजेक्शनं दिली. मग विचारलं, पायाला काय लावता? खोबरेल, मी म्हटलं. "पिंजऱ्यात आपण खोबऱ्याचा तुकडा लावतो ना, ताई," एवढंच म्हणाले.
येताना रिक्षात तेच डोक्यात. दर संध्याकाळी तेल, वर खाटेखाली जेवणाचं पान. आमंत्रणच की.

२ सप्टेंबर, मंगळवार
विसर्जन झालं. तळ्यावरून आल्या आल्या पिंजरा काढला.
आई: "सोसायटीचो गणपती आसा अजून. चतुर्दशी होवंदे."
सु.: "चारच दिवसांचा प्रश्न आहे. कशाला तिला दुखवायचं?"
नणंद, तिचे यजमान, सगळे बसलेले. मी त्यांच्यासमोर म्हटलं, "तुझ्या अंगठ्याला खोबरेल लावते मग चार दिवस, चालेल?"
चालणार नव्हतं. पिंजरा लावला, खाटेच्या पायाशीच. आई जेवल्या नाहीत. त्यांची खाट आमच्या खोलीत आणली, पायांत मोजे. माझं बोलणं लागलं असेल त्यांना. लागू दे. नाही, लागायला नको होतं.

४ सप्टेंबर, गुरुवार
पिंजऱ्यातलं खोबरं गायब, दार उघडंच. हुशार झालाय.
शेजारच्या फिलोमिनाचं माहेर पापडी गावातलं, तिथल्या वाडीतून तिने मांजर आणून दिली. "ही धरते गं, आमच्या वाडीत एक उंदीर ठेवला नाही हिने." आईंना विचारलं. "मांजरान धरल्यान तर धरूंदे. तां तेचा काम." मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.
मांजर बांगडा खाऊन कपाटावर चढून बसली. भांड्यांचा आवाज झाला तशी गॅलरीतून खाली उडी मारून गेली. फिलोमिना तिला अजून शोधतेय.
पायाचं ड्रेसिंग बदललं. वास येतोय. ड्रेसिंगला दवाखान्यातून रोज येते त्या मुलीला विचारलं तर म्हणाली, डॉक्टरांना सांगते.

६ सप्टेंबर, शनिवार
काल आणलेल्या चिकट पॅडवर सापडला. फ्रिजमागे. जिवंत होता, एक बाजू चिकटलेली, तोंड उघडं.
सु. म्हणाला, "आता काय करायचं?" आणि गॅलरीत गेला. खाली सोसायटीचा गणपती निघालेला, बेंजो चालू.
पॅड दुमडलं, पिशवीत घातलं, जिन्याखाली नेऊन विटेने ठेचलं. एवढासा होता. मला वाटलं होतं बरं वाटेल. हात धुतले, मग पोळ्या केल्या.
आईंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
ताप. अंगठा काळा. वसईत ॲडमिट केलं. साखर इतकी वाढलीय की आधी ती खाली आणायची, मगच पुढचं.
गाळ्यात रजा सांगितली. सुपरवायझर म्हणाला, उंदीर चावला म्हणून इतके दिवस? फोन ठेवला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. शुद्धीवर आल्यावर आईंनी चादर वर करून बँडेज बघितलं.
"गेला तां गेला. फुडल्या चवथीक गावाक चलत जातलंय."
सु. बाहेर जाऊन रडला. मला रडू येत नाही, राग येतो. त्याचा येतो, माझा येतो. आईंचा येत नाही, तेच जड जातं.

१५ सप्टेंबर, सोमवार
देवगडहून दिरांचा फोन. म्हणे, वाहनाचा मान राखला म्हणून जीव वाचला. मी म्हटलं, भाऊजी, या इथे, पाय बघा आणि मग हेच परत म्हणा. त्यांनी फोन ठेवला की मी, आठवत नाही.
घरी जाऊन आंघोळ केली. आईंच्या खोलीत तेलाची बाटली तशीच. मोरीत ओतली, तर दिवसभर घरात तोच वास.

१७ सप्टेंबर, बुधवार
लाली घोट्याच्या वर गेली. डॉक्टर म्हणतात, गुडघ्याखाली काढावा लागेल, उशीर केला तर गुडघ्यावर. सही द्या.
सु. म्हणतो, दुसऱ्या डॉक्टरांना विचारू. विचारलं. तेही तेच म्हणाले. मग म्हणतो, दोन दिवस बघू. मी आज ओरडले नाही. हा "बघू" मी ऐकलाय. पण पाय त्याच्या आईचा आहे, आणि गावी मी तापात कोसळले तेव्हा याच बाईने अंगणातून उचलून मला आत घेतलं होतं, माझ्या माहेरून कोणी आलं नव्हतं. मलाही सही करवत नाही.
आईंना अजून कोणी सांगितलेलं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार
लाली वर सरकतेय. सु. डॉक्टरांकडे खाली गेला होता. मी घरून थर्मासमधून चहा नेलेला. खोलीत आम्ही दोघीच.
"सुहास सांगणा नाय. नुसतो रडता," आई म्हणाल्या. "तू सांग. तू खोटा बोलणंस नाय. पाय काढतले काय गो?"
आयुष्यभर ज्याला त्याला फटकन बोलणारी मी. म्हटलं, "आई, चहा घ्या, गार होतोय."
त्यांनी कप घेतला. एक घोट घेतला आणि थांबल्या. गेली कित्येक वर्षं त्यांच्या चहात साखर पडलेली नाही. डबा मीच लपवून ठेवते.
"साखर घातलंस?"
"हो."
त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खिडकीकडे तोंड केलं आणि सगळा चहा हळूहळू पिऊन टाकला.