नगरसेविकेचा नवरा काहीच बोलत नाही

पाचोरा,
मंगळवार

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या भटूचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? डॉक्टरने दिलेलं तेल लावतेस की कोनाड्यात ठेवून दिलंस? (लावत नसशीलच, मला काय माहीत नाही का!) इकडे आम्ही दोघं ठीक. फोनच केला असता, पण मी फोनवर बोलायला लागलो की स्वयंपाकघरात ताईबाईची भांडी वाजायची थांबतात. चाळीस वर्षांच्या संसारात बायको एवढ्या शांतपणे कधी भांडी घासत नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या वॉर्डातून दिपमाला निवडून आली, हे तुला कळलं असेलच. गिरणीवाल्या ललितची बायको गं, उन्हाळ्यात घरोघरी ज्वारीचे पापड, आपले बिबडे, लाटू लागायची ती. जागा बायकांसाठी राखीव निघाली आणि गल्लीने हिलाच उभं केलं. मीही मत दिलं, खोटं कशाला बोलू. पण निवडून आल्यापासून या बाईचं वागणं मला काही सरळ वाटत नाही. वाढदिवस झाला, चौकात बॅनर नाही. गटार तुंबलं म्हणून कळवलं तर स्वतः स्कूटीवर आली, पदर खोचून खाली वाकून पाहिलं, आणि सोबत फोटो काढणारा कोणी नाही! अगं, फोटो काढायचा नव्हता तर वाकली कशाला? बरं, नगरसेविका झाली तरी बिबडे लाटायला जातेच. शेजारच्या पुष्पाबाईच्या गच्चीवर बसून लाटता लाटता कोणाच्या घरात पाणी शिरतं, कोणाचं रेशन अडलं, कोणाची सून रुसली, सगळं काढून घेते. मी दीपनगरच्या वीज केंद्रात स्टोअर सांभाळण्यात उभी हयात घालवली. जो माणूस काहीच मागत नाही, तो पुढे काहीतरी मोठं मागणार असतो, एवढं मला कळतं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या महिन्यात नगरपालिकेचा माणूस आला आणि आपल्या ओट्यावर लाल रंगाची रेघ मारून गेला. गल्लीत नवीन गटार व्हायचंय, रेघेच्या बाहेरचं तुटणार. अक्का, आपला अख्खा ओटा बाहेर! आबांनी भर उन्हात बसून शहाबादी फरशी बसवून घेतली तो ओटा, तुझ्या लग्नाची बोलणी झाली तो ओटा. रिटायर झाल्यापासून मला दुसरं आहे काय? सकाळचा चहा तिथे, पेपर तिथे, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी तिथे. ओटा गेला तर मी बसू कुठे?

मग मी डोकं लावलं. बाई नगरसेविका झाली की कारभार नवरा बघतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. (माझ्या साडूच्या गावी तर सत्कारही नवराच घेतो, शाल तेवढी बायकोला देतो.) म्हणजे ललितला धरायचं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून दळायला गहू घेऊन गेलो. ओट्याचा विषय काढला. तो म्हणाला, काका, ते तिला विचारा. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, मुरलेला दिसतोस! दुसऱ्या दिवशी दादर ज्वारी नेली, मग हरभरा, मग परत गहू. दरवेळी तेच, तिला विचारा. याचा अर्थ न कळायला मी काही दूधखुळा नाही. चांगली केळीची फणी नेऊन पुढ्यात ठेवली. त्याने ती दळणाला आलेल्या बायकांत वाटून टाकली आणि मलाही एक दिलं! इतका खोल पाण्यातला माणूस मी जन्मात पाहिला नाही. घरात आता इतकं पीठ झालंय की ताईबाई डबे शेजारून मागून आणते.

परवा रविवारी तर कहर झाला. दिपमालाची बैठक दर रविवारी कोणाच्या तरी ओट्यावर असते, यावेळी आपल्याच ओट्यावर! गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका जमल्या, ताईबाईने पातेलंभर चहा टाकला. बायकांच्या गप्पांत आपलं काय काम, म्हणून मी पिशवी उचलली आणि गिरणी गाठली. तेवढीच ललितशी निवांत बोलायची संधी. दोन तास बसलो. तो चक्कीच्या दगडाला छिन्नीने टाकी लावत होता. काही बोलला नाही.

भाऊजींना नमस्कार. तब्येतीस जप.

तुझा,
भटू

ता. क. दिपमालाची सख्खी मावशी तुझ्याच गल्लीत राहते, अशी पक्की खबर आहे. तिच्या शब्दाबाहेर ही जात नाही म्हणतात. तेवढा आपला ओटा वाचव गं. मी लिहिलं हे मात्र कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. मावशीकडे जाऊ नकोस! पाकीट चिकटवायला डिंक सापडेना, म्हणून ताईबाईला विचारलं. कोणाला लिहिलं, काय लिहिलं, करत करत तिने सगळं काढून घेतलं (बिबडे लाटणाऱ्यांची संगत, दुसरं काय). अक्का, ओटा काढा असं तिनेच सांगितलंय! दिपमालाने म्हणे आधीच ठरवलं होतं, घरच्यांच्या होकाराशिवाय कोणाचा ओटा तोडायचा नाही. रविवारी घराघराला विचारलं. जो तो म्हणे, आधी समोरच्याचा तोडा. शेवटी ताईबाई म्हणाली, आमच्यापासून सुरुवात करा, आमच्या ओट्यापाशी पाणी अडतं आणि दर पावसाळ्यात पुष्पाबाईच्या चुलीपर्यंत जातं. आणि हे बोलली कुठे बसून, तर त्याच ओट्यावर! मी म्हटलं, मला कोणी विचारलं का? तर म्हणे, दिपमालाने दोनदा विचारलं, काका कुठे आहेत. ताईबाईने सांगितलं, तुमच्याच नवऱ्याजवळ बसलेत. मी तिथे असतो आणि नाही म्हटलं असतं तर ओटा वाचला असता, अक्का. आता सोमवारी तोडायला येतायत. तू ताईबाईशी बोल, तुझं ती ऐकते.

अक्का, मी ताईबाई. पत्र मी पुरं बठ्ठं वाचं. पुष्पाबाई दर पावसाळामा खाटवर चूल मांडस, ते यास्ले बी माहीत शे. वटा जाई म्हनीसन यास्ना जीव तुटी ऱ्हायना. मन्हा बी तुटस, पन ते माले कोनी इचारं नई. सोमवारले तुम्ही या.