सुभेदाराचं आजारपण

कसबा बावडा,
९ मार्च २००६

प्रिय शांभवीचे पप्पा,

पत्र बघून दचकू नका. घरी सगळे धडधाकट आहेत, आत्याबाईंचा गुडघा तेवढा सोडला तर. फोन असताना ही लिहीत का बसली असं तुम्हाला वाटेल. पण आपला फोन मधल्या खोलीत. तुमचा आवाज आला की सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं. शांभवीला बोलायचं असतं, आत्याबाईंना लेकाचा आवाज ऐकायचा असतो, सयाजी भावजी दाराला टेकून उभे असतात, आणि माझ्या वाट्याला 'तब्येत सांभाळा' एवढंच येतं. मागच्या खेपेला तुम्ही विचारलंत, सुभेदार कसा आहे, आणि मी 'बरा आहे' म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या अलीकडे जे घडलं ते सगळ्यांच्या देखत सांगण्यासारखं नव्हतं. आज आत्याबाई नृसिंहवाडीला गेल्यात, शांभवी शाळेत आहे, म्हणून निवांत लिहिते.

तीन वर्षांपूर्वी वळवाच्या वाऱ्यात चिंचेवरून पडलेलं ते पोपटाचं पिल्लू भावजींनी शर्टाच्या खिशात घालून आणलं होतं, तेव्हा तुम्ही सुट्टीवर होता. अंगावरचा हिरवा रंग बघून तुम्हीच त्याला सुभेदार म्हणालात, आणि हवालदाराच्या घरात सुभेदार आला म्हणून स्वतःच केवढे हसलात. तेव्हापासून शांभवी त्याच्या गळ्याला लाल कंठी कधी येते याची वाट बघत होती. ती काही आली नाही. का आली नाही, तेही पुढे सांगते.

फेब्रुवारीत तिकडे नवापूरला कोंबड्यांची ती साथ आली आणि टीव्हीवर दिवसभर तेच सुरू झालं. पांढरे डगले घातलेली माणसं, पोत्यात भरलेल्या कोंबड्या, खड्डे. नवापूर कुठं नि बावडा कुठं, पण लोकांच्या ताटातून अंडं नि कोंबडी एका रात्रीत उठली. भावजींनी तुम्हाला फोनवर सांगितलं, कोंबड्यांची शेड रिकामी केली, माल गेला. तुम्ही म्हणालात, बरं झालं, वेळेत निघाला. मी तिथंच भांडी पुसत उभी होते. मलाही ते खरंच वाटलं.

त्याच दिवसांत सुभेदार आजारी पडला. आधी शीळ बंद झाली. मग दांडीवर बसेना. पिंजऱ्याच्या तळाला कोपऱ्यात पिसं फुलवून गोळा होऊन बसायचा, डोळे अर्धे मिटलेले, आणि दर श्वासाला शेपटी वर-खाली. पेरू दिला, मिरची दिली, भिजवलेली डाळ दिली, चोचसुद्धा लावली नाही. एक पाय ओढायला लागला. शांभवी पिंजऱ्यासमोरून हलेना. शाळेतून आली की दप्तर तसंच टाकून 'मम्मी, त्यानं पाणी पिलं का?' मी रोज सांगायचे, पिलाय थोडं.

आणि खरं सांगू, मलाही भीती वाटत होती. टीव्हीत सांगत होते, आजारी पाखराला हात लावू नका. घरात म्हातारं माणूस, लहान पोर. मी रुमाल बांधून पिंजरा धुवायचे आणि साबणाने हात इतके घासायचे की कातडी सोलवटली. डॉक्टरकडे न्यावं तर गल्लीत बोभाटा होईल, न न्यावं तर ते मरणार. भावजींना म्हटलं, जरा बघता का? त्यांनी लांबूनच नजर टाकली आणि 'मला न्हाय जमायचं वैनी' म्हणून निघून गेले. मला रागच आला. पाखराला ज्यानं खिशातून आणलं त्यानंच असं म्हणावं?

तेव्हा भावजींचं वागणंच बदललं होतं. शेड रिकामी झाल्यापासून ते जेवायला चमचा मागायला लागले होते. भाकरीसुद्धा चमच्याने मोडून कालवणात घालायची. आत्याबाई म्हणाल्या, 'सायबाचं खूळ शिरलंय डोक्यात.' शांभवी अंगाशी गेली की ते उठून बाजूला व्हायचे. पूर्वी तिला खांद्यावर घेऊन उसाच्या बांधापर्यंत नेणारा माणूस. मला कळत होतं, काहीतरी झालंय. पण मी धाकट्या दिराला काय आणि कसं विचारणार? आणि तेव्हा माझं सगळं लक्ष पिंजऱ्याकडे होतं.

गोष्ट लपून राहिली नाही. शेजारच्या चिमणाबाई ताक मागायला आल्या, त्यांनी पिंजऱ्यात डोकावलं, आणि तांब्या तिथंच ठेवून उलट्या पावली गेल्या. थोड्याच वेळात दारात माणसं जमली. सगळी आपलीच, रोज उठून तोंड बघतो ती. चिमणाबाई पदर नाकाला लावून ओरडत होत्या, 'वर्षाराणी, आमच्या पोरास्नी काय झालं तर तू भरून देनार हाईस व्हय? ते पाखरू आत्ताच्या आत्ता संपीव न्हायतर मी दवाखान्याची गाडी बोलीवते.' कुणी म्हणालं पुरा, कुणी म्हणालं जाळा, नुसतं पुरलं तर कुत्री उकरतील. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. म्हटलं, एकदा डॉक्टरला दाखवते, मग तुम्ही म्हणाल ते. कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. शांभवी आतून पिंजऱ्याला मिठी मारून रडत होती.

तेवढ्यात भावजी शेताकडून आले. त्यांना बघून चिमणाबाईंचा आवाज खाली आला, आणि त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही. म्हणाल्या, 'सयाजी, तूच उरक बाबा. तुजा हात बसलाय की आता.'

म्हणजे गल्लीला माहीत होतं. आम्हालाच नव्हतं.

भावजींचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं आता चक्कर येणार. ते मला ओलांडून आत गेले. शांभवीला त्यांनी हळूच बाजूला केलं. ती किंचाळली, 'काका, नको!' त्यांनी पिंजऱ्याचं दार वर सरकवलं, हात आत घातला, आणि सुभेदाराला मुठीत धरून बाहेर काढलं. तो फडफडलाही नाही. मी जागची हलू शकले नाही. माझ्या मनात एकच, पोरीचे डोळे झाकावेत. भावजी पाखराकडे बघत तसेच उभे. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला, सुभेदाराला त्यात गुंडाळलं, शर्टाची बटणं सोडून छातीशी घातलं आणि म्हणाले, 'वैनी, गाडीवर बसा मागं.'

शांभवीला आत्याबाईंकडे सोपवून मी बसले. दारातली माणसं आपोआप फाकली. चिमणाबाई काहीतरी बोलत होत्या, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. भावजी एका हाताने हँडल आणि एका हाताने छाती धरून चालवत होते. मी मागून ओरडत होते, हळू चालवा, हळू. दसरा चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा ते मान न वळवता एवढंच म्हणाले, 'श्वास लागतोय की अजून. मला कळतंय.'

मंगळवार पेठेत कुत्र्या-मांजरांचे एक डॉक्टर आहेत, आमच्या माहेरच्या आण्णांच्या ओळखीचे. त्यांनी आधी आम्हाला फुटपाथवरच उभं केलं. तोंडाला मास्क लावून बाहेर आले, कुठं ठेवता, काय खाऊ घालता, कोंबड्यांत मिसळतो का, सगळं विचारलं. रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे हे ठाऊक नाही का म्हणून चार शब्द सुनावले, ते मी खाली मान घालून ऐकून घेतले. मग त्यांनी हातमोजे चढवून सुभेदाराच्या पोटावरून बोट फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं. आणि मास्क खाली करून म्हणाले, 'बर्ड फ्लू न्हाय काय न्हाय. अंडं अडकलंय हिचं.'

मी म्हटलं, कुणाचं? 'हिचं. तुमचा सुभेदार मादी हाय, ताई. कंठी नरालाच येती, हिला कुठनं येनार?' मला हसावं की रडावं कळेना. भावजी मात्र हसले नाहीत. 'वाचंल का?' म्हणाले. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. नुसत्या डाळी-मिरचीवर वाढलेली, अंगात चुना नाही, कवच धड झालेलं नाही, म्हणून अंडं पुढे सरकत नाही आणि पायाची शीर दाबतंय. त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. म्हणाले, आता ऊब द्या, वाफ द्या, तेलाचा थेंब लावा आणि वाट बघा. पोट दाबायचं नाही, अंडं आत फुटलं तर पाखरू गेलं. दिवस मावळेपर्यंत सुटलं नाही तर परत आणा, मी ओढून काढायचा प्रयत्न करीन, पण त्यातनं फार थोडी वाचतात.

घरी आलो तर दारात कुणी नव्हतं. भावजी थेट शेडमध्ये गेले आणि पिल्लांना ऊब द्यायचा तो मोठा बल्ब वायरीसकट काढून आणला. खोक्याला लावला. मी खाली गरम पाण्याचं पातेलं ठेवत होते, निवलं की बदलत होते. सगळी दुपार आम्ही त्या खोक्याशी बसून. ती जोर करायची, अंग ताठ व्हायचं, मग चोच उघडी टाकून तशीच पडायची. दर वेळी वाटायचं, गेली. शांभवी मला कानात विचारायची, 'मम्मी, झालं का?' आणि भावजी एकसारखे पुटपुटत होते, 'जरा दम धर. जरा दम धर गं बाई.' ऊन कलायला लागलं तेव्हा तिची मान एका बाजूला पडली. मी म्हटलं, भावजी, चला, परत नेऊ या. ते म्हणाले, वाटेतल्या धक्क्यानं मरंल ती. त्यांनी तेलाचा थेंब लावला आणि हाताची नुसती ओंजळ तिच्याखाली धरली, दाबलं नाही, काही नाही. हात मागे घेतला नाही. आणि तिनं एकदा मोठा जोर केला, आणि ते अंडं त्यांच्या तळहातावर आलं. मऊ, वाकडं, रक्ताचा एक डाग असलेलं. शांभवी ओरडली. भावजी त्या अंड्याकडे बघत राहिले, आणि मग एवढा बाप्या माणूस हुंदके देऊन रडायला लागला.

शांभवीला मी पाण्याला पाठवलं. तेव्हा ते बोलले. माल विकला गेलाच नव्हता. मोठ्या कोंबड्या कुणी फुकटसुद्धा नेल्या नाहीत. पिल्लं देणाऱ्या कंपनीनं खाद्य थांबवलं आणि फोनवर सांगितलं, मोठ्यांसकट नवी पिल्लंही संपवून टाका. अजून पिसं न फुटलेली, पिवळी पिल्लं. आम्ही सगळे माझ्या माहेरी लग्नाला गेलो होतो त्या दिवशी त्यांनी खड्डा काढला आणि एकट्यानं ते सगळं केलं. 'वैनी, पिल्लं हातावर चढत हुती. खायाला आनलंय आसं वाटलं त्यास्नी.' त्या हातानं जेवावंसं वाटत नाही म्हणाले. शांभवीला धरावंसं वाटत नाही. आणि मग, 'दादाला सांगू नका. त्यानं मला शेड काढून दिली तवा म्हनलेलं, सया, तुजं जित्राबावर ध्यान हाय, तुला हे जमंल.' मी सांगणार नाही असं कबूल केलं.

सुभेदार बरी आहे. डावा पाय अजून धड टेकत नाही, दांडीवर चढता येत नाही, म्हणून खाली मऊ फडकं घातलंय. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चुन्याचा खडा नि पालेभाजी देते. चिमणाबाई अजून बोलत नाहीत. त्यांचा तांब्या आपल्याकडेच आहे, मीही नेऊन दिलेला नाही. भावजी सकाळ-संध्याकाळ तिचा पाय चोळून देतात. मला वाटलं होतं, आता माणूस सावरला. पण काल त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं की गुजरातकडे कुणाच्या तरी ट्रकवर जायचं ठरवलंय, पाडवा झाला की निघणार, आईला नंतर सांगा. मी म्हटलं, मे महिन्यात हे येणार आहेत, तोवर तरी थांबा. तर म्हणाले, 'दादा यायच्या आत जायचंय, म्हनूनच तर.'

म्हणून हे पत्र. दिलेला शब्द मी मोडलाय आणि मला त्याचं काही वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते ट्रकवर एकट्यानं नेण्यासारखं नाही. फोनवर त्यांना काही विचारू नका, ते 'व्हय दादा' म्हणतील आणि त्याच रात्री निघतील. तुम्ही सुट्टी मागा. आईचा गुडघा सांगा, माझं आजारपण सांगा, काहीही सांगा. आत्याबाईंनी मला एकदा सांगितलं होतं, शाळकरी सयाजी राजाराम बंधाऱ्यावर पाय घसरून पाण्यात गेला, तेव्हा तुम्ही भरतीच्या पळण्याचा सराव करून येत होता. काठावरची माणसं दोर आणा, दोर आणा करत होती. तुम्ही कुणाला काही विचारलं नाही, बूटसुद्धा न काढता उडी टाकलीत. तसेच या.

तुमचीच,
वर्षाराणी